गाडीने गेलेल्याला पुण्य लागतं का?

गोरेगाव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईची लोकल येते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात मात्र रूळ नाहीत. गाडी धरायची तर हिंगोली गाठायची, 'हिंगोली डेक्कन' अशी पाटी असलेल्या फलाटावर पूर्णेकडची किंवा अकोल्याकडची गाडी कधी येते ते विचारायचं आणि वाट बघत बसायचं. पूर्णेहून इथवर ही लाईन आली ती निजामाच्या राजवटीत. पुढे अकोला-खंडव्याशी ती जोडली गेली स्वातंत्र्यानंतर, आणि मीटरगेजची ब्रॉडगेज झाली ती तर अगदी अलीकडे.

या मुलखात पंढरपूरहून कुणी परतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पायी का गाडीनं? उत्तर 'पायी' आलं तर विचारणारा वाकून पाया पडतो, मग समोरचा वयाने लहान का असेना. 'गाडीनं' म्हटलं तर चुरमुऱ्यांचा प्रसाद हातावर घेतला जातो, गर्दी होती का म्हणून विचारलं जातं आणि विषय पावसाकडे वळतो. कुणी कुणाला कमी लेखत नाही, पण हिशेब झालेला असतो. त्यालाही कारण आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाताना सेनगाव, नर्सी, औंढा अशी याच जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जाते. सुमारे सातशे किलोमीटरची, महिनाभराची ती चाल. टाळकऱ्यांच्या रांगा आणि त्यांचे सुजलेले पाय इथल्या माणसांनी लहानपणापासून जवळून पाहिलेले आहेत. त्यांच्यासमोर आरक्षित डब्यातून जाऊन आलेला माणूस जरा ओशाळतोच.

पण हा हिशेब नेमका कशाचा? श्रमाचा म्हणावा, तर शेतात राबणाऱ्या माणसाला चालण्याचे श्रम नवे नाहीत. अंतराचा म्हणावा, तर गाडीनेही अंतर तेवढंच कापलं जातं. मनातल्या भावाचा म्हणावा, तर तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब लोकांनी कसा मांडला हाच खरा प्रश्न. तो नुसता वारीपुरता नाही. एका दिवसात पाच देवळं 'करून' येणाऱ्या, हातात मोबाईल घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी थबकणाऱ्या, धड भाविकही नाही आणि धड प्रवासीही नाही अशा आजच्या सगळ्या माणसांना तो लागू आहे. मराठी सहली आता हिंगोलीहून औंढ्याला जातात तशा चेरीच्या बहरात जपानलाही जातात, आणि तिथेही दिवसभराचा कार्यक्रम म्हणजे बहुतांशी देवळंच असतात.

आधी जवळचं पाहू. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, अशी इथली श्रद्धा. हाच मान द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वरही सांगतं, आणि तिन्ही ठिकाणच्या भाविकांचं त्यामुळे काही अडलेलं नाही. यादवकालीन भक्कम बांधणी, वरचा भाग नंतरचा. लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात. एका माणसापुरत्या अरुंद वाटेने, डोकं सांभाळत खाली उतरावं लागतं, आणि खालच्या ठेंगण्या जागेत ताठ उभं राहण्याची सोय नाही. तिथे भाविक आणि पर्यटक दोघेही सारखेच वाकतात. त्यांची वर्गवारी करत बसायला त्या जागेत वावच नाही.

याच औंढ्याची एक गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. नामदेव म्हणजे विठ्ठलाचा लाडका. त्याला गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलं, म्हणून तो गुरूच्या शोधात इथे आला. पाहतो तो एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय टाकून निजलेला. हे विसोबा खेचर. नामदेव रागावला तेव्हा ते म्हणाले, बाबा, मला हलवत नाही, जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवाने पाय इकडे ठेवले, तिकडे ठेवले, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंड. या गोष्टीचं तात्पर्य कीर्तनकार सांगतातच. त्यातून निघणारी अडचण मात्र सहसा कुणी पुढे नेत नाही. देव नाही अशी जागाच नसेल, तर औंढ्याला तरी कशाला यायचं? पंढरपूरला कशाला जायचं, पायी किंवा गाडीने? विसोबांचं म्हणणं शेवटपर्यंत ओढलं तर सगळी तीर्थक्षेत्रं एका फटक्यात रद्द होतात.

नामदेवांनी ती रद्द केली नाहीत. ही शिकवण मिळूनही या माणसाचं आयुष्य वाटेवरच गेलं. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२७० चा, कयाधू नदीकाठच्या नर्सीचा. ज्ञानदेवांबरोबर ते तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे थेट पंजाबात पोचले. घुमान गावी त्यांचं स्मारक आहे, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि २०१५ चं साहित्य संमेलन त्या नात्यानेच घुमानला भरलं होतं. गंमत अशी की 'तीर्थावळी'च्या अभंगांतला नामदेव यात्रेला जायला मुळीच राजी नाही. विठ्ठल इथे असताना बाहेर काय ठेवलंय, असा त्याचा हट्ट. शेवटी देवच त्याला ज्ञानदेवांच्या हवाली करतो. देव सगळीकडे आहे हे पटलेला माणूस आणि देव इथेच आहे म्हणून हटून बसलेला माणूस एकच, आणि तोच मराठी संतांमधला सर्वांत लांबचा प्रवासी. देव सगळीकडे असेल, पण माणूस एका वेळी एकाच जागी असतो. यात्रा लागते ती देवाच्या नव्हे, माणसाच्या या मर्यादेमुळे, असं यातून म्हणता येईल. निदान प्रस्तुत लेखकाला तरी याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.

आता रेल्वे. तिच्यावरचा सर्वांत कडक आरोप गांधीजींनी केला. १९०९ मध्ये इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या आगबोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की रेल्वेमुळे तीर्थक्षेत्रं बिघडली. पूर्वी तिथे पोचणं कठीण होतं, त्यामुळे खरे भक्तच जात. आता लबाडही सहज जातात आणि आपला धंदा करतात. हे वाफेच्या बोटीत बसून लिहिलं गेलं आणि लिहिणाऱ्याने पुढे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून अख्खा देश पालथा घातला, हा भाग सोडून देऊ. युक्तिवाद तपासण्यासारखा आहे. प्रवासाचे हाल ही भक्तीची चाळणी आहे आणि ती काढली की निवडून पाखडलेलं पुन्हा एकत्र होतं, असं तो सांगतो.

पण चाळणी होती तेव्हा तरी सगळे खरे भक्तच जात होते का? विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेला निघाले ते मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. वाटेत १८५७ चं बंड पेटलं, भटजी झाशीच्या धामधुमीत सापडले, लुबाडले गेले, आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात कर्ज फेडण्याची काळजी आहे, तीर्थस्नानं आहेत, लढाई आहे आणि गावोगावची नवलाई डोळे भरून पाहणंही आहे. यातला यात्रेकरू कोणता आणि प्रवासी कोणता हे सुरीने कापून वेगळं करता येत नाही. पायी गेलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे, तेव्हा रेल्वेला दोष देण्याचीही सोय नाही.

जपानमध्ये तर हा गोंधळ राजमान्य होता. रेल्वेपूर्वीच्या एदो काळात शेतकऱ्याला गाव सोडायला परवाना लागे, आणि इसे गावच्या मोठ्या देवस्थानाला जातो म्हटलं की तो सहसा मिळे. मग लोक इसेला जात आणि जाता जाता ओसाकाची नाटकं, क्योतोची देवळं, वाटेवरच्या खानावळी असं सगळं उरकून परतत. १८३० मध्ये तर अशी लाट उसळली की काही महिन्यांत चाळीसेक लाख लोक इसेला लोटले. जपानात रेल्वे यायला अजून चार दशकं बाकी होती.

आणि रेल्वे आली ती देवाच्याच वाटेवर धावली. तोक्योजवळच्या कावासाकीत १८९९ च्या २१ जानेवारीला कांतो भागातली पहिली विजेची आगगाडी सुरू झाली. तिचं नाव दाइशी रेल्वे, आणि ती जायची कावासाकी दाइशी या देवस्थानाकडे. २१ तारीखही मुद्दाम धरलेली, कारण तो शिंगोन पंथाचे संस्थापक कोबो दाइशी यांचा दिवस. पुढे रेल्वे कंपन्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्या दर्शनाची एवढी जाहिरात केली की त्या वर्षी शुभ असलेल्या दिशेच्या देवळात जाण्याची जुनी चाल मागे पडली आणि गाडी जाईल त्या मोठ्या देवळात जाण्याची चाल रूढ झाली. आज जपानी माणूस जिला आपली जुनी परंपरा समजतो तिच्यातला बराच भाग असा वेळापत्रकातून आलेला आहे.

आपल्याकडे बार्शी लाईट रेल्वे होतीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची ही गाडी काढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती पंढरपूरला पोचली, पुढे मिरजेला. आषाढी-कार्तिकीला तिला लटकलेल्या माणसांच्या कथा सोलापूर भागात अजून सांगतात. सरकारलाही भाविकांच्या या ओढीत उत्पन्न दिसलं. संसदेने १९५६ मध्ये कायदाच केला, की तीर्थक्षेत्र किंवा जत्रा म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणी रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्यांवर सीमाकर लावता येईल. म्हणजे पंढरपूरच्या तिकिटावर कर बसवताना बाबूने असं गृहीत धरलं, की या स्टेशनवर उतरणारा प्रत्येक जण यात्रेकरू. त्यात कुणी बैल विकायला चालला असेल, कुणी लेकीकडे.

याच्या बरोबर उलट गृहीत क्योतोच्या नगरपालिकेने धरलं आणि तिथे देवळांनी चक्क संप केला.

गोष्ट १९८५ ची. जुन्या राजधानीच्या जतनासाठी पैसा हवा म्हणून नगरपालिकेने प्रसिद्ध देवळांत तिकीट काढून येणाऱ्यांवर कर बसवला : मोठ्यांना ५० येन, मुलांना ३०. रक्कम किरकोळ, आणि ती द्यायची पाहुण्याने. देवळाने ती फक्त गोळा करून पोचवायची. १० जुलैला कर लागू झाला आणि किंकाकुजी, गिंकाकुजी, कियोमिझुदेरा यांसारख्या नामांकित देवळांनी पाहुण्यांसाठी दारं लावून घेतली. मग थोडी उघडली, पुन्हा लावली, असं १९८६ पर्यंत चाललं. हॉटेलवाले, फोटोवाले, खेळणी विकणारे हवालदिल झाले. नगरपालिका म्हणत होती, हे लोक कलाकुसर बघायला येतात. देवळं म्हणत होती, आमच्या दारात पाऊल ठेवणारा दर्शनाला आलेला असतो, आणि दर्शनावर कर म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर घाला. अखेर १९८८ मध्ये कर गुंडाळावा लागला.

कर लागू होण्याआधीच देवळं न्यायालयात गेली होती. १९८४ मध्ये क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. त्यातला एक मुद्दा एखाद्या मठातल्या वादविवादात शोभेल असा आहे. न्यायालयाने म्हटलं, की हा कर पैसे देऊन सांस्कृतिक ठेवा पाहण्याच्या बाहेरून दिसणाऱ्या कृतीवर आहे. पाहणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, तो सगळ्यांना सारखाच लागेल.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. मनात डोकावून कर आकारणारा अधिकारी नेमला तर त्याच्या दालनासमोरची रांग संपणार नाही. पण देवळांची बाजूही तितकी सरळ नव्हती. दारात गल्ला मांडून तिकीट फाडायचं आणि तिकीट काढणाऱ्याला भाविक म्हणायचं, यातली विसंगती तेव्हाच्या जपानी लोकांनाही दिसत होती. दोन्ही पक्ष त्या माणसाच्या वतीने बोलत होते. बाहेर उन्हात बंद दारासमोर उभ्या असलेल्या त्या माणसाला, बाबा, तू कोण, हे कुणी विचारल्याचं दिसत नाही. आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं असतं का, याची शंका आहे.

ही शंका का, ते क्योतोत रेल्वेने घालवलेल्या एका दिवसात कळतं. क्योतो स्टेशनवरून नारा लाईनची गाडी धरली की दुसरं स्टेशन इनारी. स्टेशन १८७९ चं, आणि त्याच्या दारातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे थेट फुशिमी इनारीची भलीमोठी तोरी कमान. इथे तिकीट नाही, दार नाही, रात्री बारा वाजताही जा. तांदळाच्या आणि व्यापाराच्या या देवाचं ठाणं इ. स. ७११ चं मानतात. डोंगरावर चढत जाणाऱ्या वाटेवर शेंदरी कमानी इतक्या दाट की ऊन गाळून खाली येतं. जाताना त्या नुसत्या सुंदर दिसतात, आणि त्यांचे फोटो जगभर फिरतात ते याच बाजूने. उतरताना पाहिलं की प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरांत देणगीदार कंपनीचं नाव आणि तारीख. आपल्या देवळांत पायरीच्या फरशीवर 'यांच्या स्मरणार्थ' कोरतात, त्यातलाच प्रकार. एकाच खांबाच्या एका अंगाला प्रवाशाचं नवल आणि दुसऱ्या अंगाला दुकानदाराचा नवस.

माणसांचंही तसंच. कोटातला एक गृहस्थ दानपेटीत नाणं टाकतो, दोनदा वाकतो, दोन टाळ्या वाजवतो, पुन्हा एकदा वाकतो, आणि लगेच मोबाईल काढून बायकोचा फोटो घेतो. पूजा कुठे संपली आणि सहल कुठे सुरू झाली हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. बहुतेक त्यालाही कळलेलं नसतं, आणि त्याला त्याची फिकीरही नाही.

तिथून केइहान कंपनीच्या गाडीने शिचिजो, आणि थोडं चाललं की सांजुसांगेन्दो. मराठी प्रवाशाने क्योतोत एकच देऊळ पाहायचं ठरवलं तर हे पाहावं, किंकाकुजी नव्हे. ११६४ चं मूळ देऊळ आगीत गेल्यावर १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं, सुमारे १२० मीटर लांबीचं लाकडी दालन. जोडे काढून आत गेलं की अवलोकितेश्वराच्या, जपान्यांच्या कान्नोनच्या, १००१ मूर्ती पायऱ्या-पायऱ्यांनी उभ्या. या गर्दीत आपल्या गेलेल्या माणसाचा चेहरा सापडतो असं तिथे म्हणतात, आणि लोक खरोखर रेंगाळून शोधतात. मूर्तींच्या पुढे २८ रक्षक. आणि इथे हिंगोलीच्या माणसाला धक्का बसतो. बोन्तेन म्हणजे ब्रह्मा. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. करुरा म्हणजे गरुड, तोही बासरी वाजवणारा. नाराएन म्हणजे नारायण. आणि माकेइशुरा म्हणजे महेश्वर, औंढ्याच्या तळघरात ज्याच्यासाठी वाकावं लागतं तोच. चीनमार्गे, बौद्धांच्या बरोबर, हजारभर वर्षांपूर्वी इथे आलेला, आणि आता दुसऱ्याच्या दारी पहारा देत उभा.

आता या माणसाने काय करायचं? फोटो काढता येत नाही, आत मनाई आहे. फुलं वाहायला मधे कठडा आहे. तिकिटाचे येन मोजून तो मूर्तिकला पाहायला आत आलेला आहे, सहलीच्या कागदावर या ठिकाणासमोर चाळीस-पन्नास मिनिटं लिहिलेली आहेत. पण समोर महेश्वर आहे असं कळल्यावर हात आपोआप छातीशी येतात. क्योतोच्या न्यायाधीशाला विचारलं तर तो म्हणेल, पाहणारा. देवळाला विचारलं तर ते म्हणेल, दर्शनाला आलेला. विसोबांना विचारलं तर ते कूस बदलून म्हणतील, तुझे पाय मोकळे ठेवायला इथेही जागा नाही का?

माणूस तोच, तिकीट तेच, आणि दालनाच्या अर्ध्या वाटेत त्याचा पर्यटकाचा भाविक झाला. बाहेर पडून चहाच्या यंत्रात नाणं टाकेपर्यंत तो पुन्हा पर्यटक होईल. म्हणजे भाविक आणि पर्यटक ही दोन जातींची माणसं आहेत, हे धरून चाललेला सगळाच वाद मुळात लंगडा आहे. गांधीजींची चाळणीही तिथेच फसते. तिने माणसं निवडता येतात, घटका नाही.

हे पाहायला जपान गाठायलाच हवं असं नाही. वेरूळला जावं. कैलास लेणं म्हणजे राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरून काढलेलं शिवाचं मंदिर. ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, प्रवेशाला तिकीट आणि दर मंगळवारी बंद. तिथून किलोमीटरभरावर घृष्णेश्वर. तिथे तिकीट नाही, पुरुषांनी सदरा काढून गाभाऱ्यात जायचं, कॅमेरा चालत नाही, अभिषेक अखंड सुरू. देव एक, गाव एक. एका ठिकाणी तो सरकारच्या लेखी शिल्प आहे, दुसऱ्या ठिकाणी नित्यपूजेतला. पण कैलासच्या गाभाऱ्यात कुणीतरी लिंगावर बेलाचं पान ठेवतंच, आणि घृष्णेश्वराच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाचंतरी लक्ष अहिल्याबाईंनी करवलेल्या त्या लाल दगडाच्या कामावर खिळतं. पाट्या खात्याने लावल्या, माणसं त्या पाळत नाहीत.

मग पायी चालण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो श्रमाच्या मोबदल्याचा नव्हे. याचा उलगडा २०२० मध्ये झाला. करोनामुळे त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. आधी हेलिकॉप्टरचीही चर्चा झाली, आणि शेवटी ३० जूनला मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीच्या सजवलेल्या गाड्यांमधून मोजक्या लोकांबरोबर पंढरपूरला पोचल्या. जी वाट तुडवायला अडीच-तीन आठवडे लागतात ती काही तासांत संपली. देव भेटला, एकादशी झाली, रीत मोडली नाही. पादुकांच्या बाबतीत गाडीने पुण्य कमी झालं असं एकाही फडकऱ्याने म्हटल्याचं ऐकिवात नाही. तरी घरी बसलेल्या वारकऱ्यांना जे हुकलं ते काय होतं? रिंगण हुकलं, शेजारच्या दिंडीतल्या अनोळखी बाईने वाढलेलं पिठलं हुकलं, पावसात गळक्या तंबूत मांडीला मांडी लावून काढलेली रात्र हुकली. गाडी जे कापून टाकते ते श्रम नव्हेत, मधली माणसं.

जपानमध्ये हे फार आधी ओळखलं गेलं होतं असं दिसतं. शिकोकू बेटावर कोबो दाइशींच्या ८८ देवळांची सुमारे १२०० किलोमीटरची परिक्रमा आहे. इयोतेत्सु कंपनीने १९५३ मध्ये तिच्यासाठी बसची सहल काढली. देवळांनी बसने येणाऱ्यांच्याही वह्यांत तोच शिक्का उमटवला, तेच अक्षर लिहून दिलं. आज बहुसंख्य लोक बसने किंवा मोटारीने जातात. चालणारेही आहेत, आणि वाटेवरचे गावकरी त्यांना थांबवून संत्रं, पाण्याची बाटली, कधी नाणी देतात. पुण्याची वही दोघांचीही सारखी भरते. संत्रं मात्र चालणाऱ्यालाच मिळतं, कारण बस मधे थांबत नाही.

किंकाकुजीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर क्योतोला जाऊन आलेले वाचक रागावतील. सोनेरी मुलाम्याचा हा मंडप १९५० मध्ये तिथल्याच एका शिकाऊ भिक्षूने जाळला आणि १९५५ मध्ये तो पुन्हा उभारला. म्हणजे आज दिसतो तो आपल्या भाक्रा-नांगलहूनही वयाने फारसा मोठा नाही. रेल्वे तिथे दारापर्यंत नेत नाही, बस लागते. गर्दी एकाच दिशेने पुढे ढकलत नेते, आत शिरता येत नाही, तळ्यापलीकडून पाहायचं. या साऱ्या दिवसात पूजेला सर्वांत कमी जागा असलेलं हे ठिकाण. पण तिथलं तिकीट नीट पाहावं. ते तिकीट नाहीच. पांढऱ्या कागदावर काळी उभी अक्षरं, लाल शिक्का, आणि मजकूर घरादाराची खुशाली आणि भाग्योदय मागणारा. तो देवळातून घरी नेऊन लावायचा रक्षामंत्राचा कागद आहे. १९८५ च्या भांडणात देवळांचं जे म्हणणं होतं ते त्यांनी असं पैसे देणाऱ्याच्या हातावरच छापून ठेवलं आहे. मराठी सहलीतली जाणती मंडळी तो कागद पाकिटात जपून ठेवतात, बाकीच्यांचा हॉटेलच्या टेबलावर राहतो.

नगरपालिका मात्र शहाणी झाली. भाविक कोण नि पर्यटक कोण या वादात ती पुन्हा पडली नाही. ऑक्टोबर २०१८ पासून क्योतोत मुक्कामावर कर आहे. माणूस देऊळ पाहायला आला, नवस फेडायला आला की कामधंद्यासाठी आला, याची चौकशी नाही. रात्री पाठ टेकली की कर, आणि खोली जितकी महाग तितका जास्त. शाळेच्या सहलीतल्या मुलांना माफ. २०२४ मध्ये जपानला साडेतीन कोटींहून जास्त परदेशी पाहुणे आले. क्योतोच्या बस त्यांच्या बॅगांनी भरून जाऊ लागल्या आणि गावकऱ्यांना उभं राहायला जागा मिळेना, तेव्हा या कराची सर्वांत वरची पायरी रात्रीला दहा हजार येनांपर्यंत चढवायचं ठरलं. मार्च २०२६ पासून ती लागू. देवळांनी यावर दारं लावली नाहीत. पण पुष्कळ सहली मुक्काम ओसाकाला ठेवतात आणि क्योतो दिवसाभरात उरकतात. सकाळच्या गाडीने यायचं, इनारीपासून सुरुवात करायची, संध्याकाळी स्टेशनवर जेवण घ्यायचं आणि अर्ध्या तासात परत ओसाकाला. सर्वांत जास्त देवळं तेच पाहतात आणि नगरपालिकेच्या या वहीत त्यांची नोंदच होत नाही.